एकशे एकावा चौकोन

माझी सासू खोटं बोलली ती नणंदेची सुपारी फुटली त्या दिवशी. ते खोटं खरं करायचं काम मग माझ्याकडे आलं.

नणंदेचं सांगलीच्या एका घरी जमत होतं. मुलाकडची माणसं आमच्या आष्ट्याच्या घरी सोप्यात बसली होती. मुलाला आई नव्हती, चुलतीनं वाढवलं होतं, म्हणून बायकांच्या बाजूनं विचारायचं ते चुलतीच विचारत होती. मुलीला हातकाम काय येतं, असं तिनं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, क्रोशाचं येतं, पलंगपोस विणायला घेतलाय. चुलती म्हणाली, केवढा? सासूबाईंना क्रोशातलं काही कळत नव्हतं. शुभाचा म्हणून जो आकडा तोंडात आला तो त्यांनी सांगून टाकला.

"एकशे एक चौकोनाचा," त्या म्हणाल्या. "रुखवतात मांडणार हाय. बघशीला तवा."

मी आत कपबशा पुसत होते. त्या घरात क्रोशाचं काम मला एकटीला येत होतं. नणंदेला साखळी घालता येत होती, तीही मीच शिकवलेली, आणि वीतभर साखळी झाली की तिची मान दुखायची. पलंगपोस कुणी विणायला घेतलेला नव्हता. घरात एकही चौकोन नव्हता.

मी साताऱ्याची. माझे वडील, आबा, पलटणीतून पेन्शनीवर आलेले. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, आणि तिथल्या शिवणाच्या बाईंनी क्रोशा शिकवला. मला गणित आवडायचं आणि क्रोशाही आवडायचा, कारण दोन्ही मान खाली घालून करता येतात. मला चारचौघांत बोलता येत नसे. लग्न होऊन आष्ट्याला आले, आणि तिसऱ्या महिन्यात मालक लामावर गेले. लढाई समुद्रापलीकडं चालली होती, तिकडं. ते होते तोवर घरात मला कुणी काही म्हणत नव्हतं. ते गेल्यावर माझं नाव मुकी पडलं. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, आमची मुकी पाण्याला गेलीया. मी ऐकत असले तरी सांगायच्या.

लग्न होऊन येताना आईनं मला पत्र्याचा एक डबा भरून पांढऱ्या दोऱ्याचे गुंडे दिले होते. लढाईमुळे पुढं दोरा दिसेनासा होणार हे आबांना पलटणीतल्या ओळखींमुळे आधीच कळलं होतं. तुझ्या पोराबाळांची टोपडी-झबली होतील, असं आई म्हणाली होती. सुपारी फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी माझी ट्रंक उघडली आणि तो डबा काढून सोप्यात ठेवला. मला विचारलं नाही. मी बघत उभी राहिले तेव्हा म्हणाल्या, "घरातलं हाय ते घरातच ऱ्हातंय. तुझ्या पोरांना अजून येळ हाय."

दिवाळी नुकतीच झाली होती. लग्न माघात. मी रोज एक चौकोन करायला लागले. पहाटे जातं, मग भाकरी, मग शेतावरची न्याहारी पाठवायची, दुपारी भांडी झाली की सुई हातात. मध्ये गोल, त्याभोवती खांबांच्या, म्हणजे उभ्या टाक्यांच्या ओळी, कोपऱ्यात तीन साखळ्या. वितीला चार बोटं कमी, एवढा एक चौकोन व्हायचा. माझा हात घट्ट. सगळे चौकोन एकावर एक ठेवले तर एका मापाचे, पोळ्यांच्या चवडीसारखे.

नणंद समोर बसून असायची. कुणी आलं की ती माझ्या मांडीवरून अर्धा चौकोन उचलून आपल्या मांडीवर घ्यायची आणि सुई हातात धरायची. आलेली बाई गेली की परत टाकायची, आणि पुष्कळदा टाकताना टाका सुटलेला असायचा. मग मी दोन ओळी उसवून परत करायची. एकदा मी म्हटलं, वन्सं, सुई काढून ठेवत जाऊ नका, टाका निसटतो. ती म्हणाली, बघा आई, मुकी बोलली. आणि दोघी कितीतरी वेळ हसत होत्या.

पौषात आबांचं कार्ड आलं. त्या घरात बायकांत वाचता मला एकटीला येत होतं, म्हणून माझ्या घरचं पत्रसुद्धा मलाच मोठ्यानं वाचून दाखवावं लागायचं. सासूबाई सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. मी वाचलं. तुझ्या आईच्या पायांवर सूज आहे, अन्न जात नाही, तुझी आठवण काढते, विहीणबाईंना विनंती की चार दिवस पाठवावे.

सासूबाई खडे वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, "कशावरनं त्यात तसंच लिवलंय?"

मला आधी कळलंच नाही. मी मनानंच वाचते, असं त्यांचं म्हणणं होतं. संध्याकाळी दीर मळ्यातून आले तेव्हा त्यांच्या हातात कार्ड देऊन परत वाचून घेतलं. हे दीर मालकांच्या पाठचे, शेत तेच बघायचे. त्यांनी वाचलं. शब्दाला शब्द तेच निघालं. सासूबाई त्यांना म्हणाल्या, पायाला सूज कुणाला येत न्हाई? आणि मला म्हणाल्या, "पलंगपोस पुरा कर. एकशे एक चौकोन जोडून माझ्या हातात दे, आन् जा चार दिस. मी अडवायची न्हाई."

त्या दिवशी माझे सदुसष्ट चौकोन झाले होते. मी रोज दोन करायला लागले. बोटाला सुईच्या टोकानं भोक पडलं, त्यावर हळद लावून चिंधी बांधली. रक्ताचा डाग चौकोनावर पडू नये एवढीच काळजी होती. दुसरं कार्ड आलं, त्यात एवढंच होतं की वाट बघत आहोत. ते मी मोठ्यानं वाचलं नाही, आणि कुणी वाच म्हणालंही नाही.

शंभर होत आले तेव्हा सासूबाईंच्या मनात पापाची भीती शिरली. लेकीच्या हातचं म्हणून मांडायचं आणि लेकीचा हात लागलेला नाही, हे देवाधर्माच्या कामात बरं नव्हं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं असावं किंवा आपणहून वाटलं असावं. त्यांनी ठरवलं की एक चौकोन तरी नणंदेनं करायचा. मग खोटं होत नाही. "शंभर तू कर, एक ती करंल, म्हंजी तिच्या हातचं झालं," असं त्यांनी मला सांगितलं. मी मान हलवली.

नणंदेला तो एक चौकोन करायला आठ दिवस लागले. मी शेजारी बसून एकेक खांब सांगत होते, आणि ती म्हणायची, किती कटकट करतीस गं वैनी. हात सैल. दोरा बोटावर ओढून धरायचा ते तिला जमेना, आणि सांगितलेलं चालेना. झाला तेव्हा तो पुरा वीतभर होता, मधे फुगलेला, कडेला लोंबणारा. माझ्या चौकोनावर ठेवला तर चारी बाजूंनी बाहेर यायचा.

मग जोडायचं काम आलं. दोन चौकोन तोंडाला तोंड लावून धरायचे, दोघांच्या कडेच्या टाक्यांतून एकदम सुई घालायची, दोरा ओढून घ्यायचा आणि गाठ न मारता पुढं जायचं. अशा आखूड टाक्याला मुका खांब म्हणतात. बाईंनी शाळेत शिकवलेला शब्द. मी तो नणंदेला एकदा सांगितला होता, ते मला महागात पडलं. मी जोडायला बसले की ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आमच्या मुकीला मुकाच खांब येतो. पाणी भरणारी बाईसुद्धा मला विचारायला लागली, किती झालं मुकं खांब?

जोडायच्या आधी मी सगळे चौकोन सोप्यात मांडले. दहाच्या दहा ओळी. एक उरला.

ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एकशे एक हा आकडा ऐकला तेव्हाच मी मनात भागून बघितलं होतं. दोननं नाही, तीननं नाही, पाचनं नाही, सातनं तीन उरतात. पण सांगायचं कुणाला? मी एवढे दिवस सांगितलं नाही ही माझीच चूक. त्या दिवशी सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, त्यो एक भाईर का ठेवलाय? मी म्हटलं, बसत नाही.

त्या खाली बसल्या आणि स्वतः मांडायला लागल्या. नऊ-नऊच्या ओळी केल्या. अकरा ओळी झाल्या, दोन उरले. आठ-आठच्या केल्या, पाच उरले. सात-सातच्या केल्या, तर ओळी सोप्यातून बाहेर उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि तीन उरले. प्रत्येक वेळी उरलेले वेगळे बघून त्यांना वाटायला लागलं की मी मध्येच चौकोन घालते आणि काढते. त्यांनी मला उठवून भिंतीला उभी केली. नणंदेला मोजायला सांगितलं. ती पन्नाशीपर्यंत गेली आणि चुकली. परत मोजलं, परत चुकली.

मी भिंतीला टेकून उभी होते. साताऱ्याला माझी आई आजारी होती. ह्या बायका सोप्यात गुडघ्यावर रांगत माझे चौकोन इकडून तिकडं सरकवत होत्या. मला बोलावं लागलं.

"आत्याबाई, कसंबी मांडलं तरी एक चौकट व्हायची न्हाई. एकशे एकला कशानंच भाग जात न्हाई."

सासूबाईंनी मान वर केली. "म्हंजी माझा आकडाच खोटा?"

"चौथी शिकलीया ती," नणंद म्हणाली. "आकडंबी आता तिलाच इचारून बोलायचं."

दीर तेवढ्यात जेवायला आले. त्यांना सगळं सांगण्यात आलं, म्हणजे मी कशी अपशकुनी बोलले ते. त्यांनी उभ्याउभ्याच बोटांवर हिशेब केला, आणि हसायला लागले. आये, वैनीचं बरोबर हाय, म्हणाले, तू शंभर तरी सांगायचंस, न्हाईतर एकशे दहा. ते माझ्या बाजूनं बोलले, आणि त्याच्याइतकं वाईट त्या दिवशी दुसरं काही झालं नाही. लेकाच्या देखत सासूबाई खोट्या पडल्या होत्या. त्या जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, एकशे एक म्हणून सांगितलंय, एकशे एकच पायजेत. कुठं लावायचा त्यो लाव. न लावता जायचं नाव काढलंस तर बघ.

कोणता चौकोन बाहेर राहणार ते सांगायला नको. नणंदेचा मापातच बसत नव्हता. मी माझे शंभर जोडले. दहा दिवस लागले. मग नणंदेचा तो सैल चौकोन घेऊन पलंगपोसाच्या एका कोपऱ्याला उलट बाजूनं, अस्तर लावावं तसा लावला. वरून दिसत नव्हता. त्याच्या वाढीव कडेचे टाके सोडत सोडत मी तो आवळून घेतला, तरी मध्ये पोट आलंच. सासूबाईंना दाखवला. त्यांनी कोपरा उलटून बघितला, परत पालथा केला आणि वरून हात फिरवला.

मी म्हटलं, पुरा झाला.

त्या म्हणाल्या, "लगीन पाच दिसांवर आलंय आन् तू म्हायेरला जातीस? रुखवत मांडून दे, मग जा."

मी त्यांना उलटून बोलले नाही. पण त्या दिवसापासून माझ्या मनात त्यांच्याविषयी जे बसलं ते निघालं नाही. आता त्या नाहीत. तरी निघालेलं नाही, हे इथं लिहून ठेवते. मी काही साधू नाही.

लग्नाच्या दिवशी मांडवाच्या कडेला रुखवत मांडलं. साखरेची फळं, लाडू, करंज्या, मण्यांचा पडदा, आणि एका बाजेवर तो पलंगपोस. रुखवत बघायला मुलाकडच्या बायका येतात त्या नुसत्या बघत नाहीत. लाडू दाबून बघतात, भरतकाम उलटून बघतात. नणंद मुंडावळ्या बांधून पाटावर बसली होती. सासूबाई पदर खोचून रुखवताजवळ उभ्या होत्या. मी त्यांच्या मागं, खांबाआड.

चुलती आली. जाडजूड बाई, हातात हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत. तिनं लाडवांकडं बघितलंही नाही. सरळ बाजेपाशी गेली आणि पलंगपोसावर हात ठेवला. काम नीट हाय, म्हणाली. मग बोट ठेवून आडवी ओळ मोजली. मग उभी मोजली. मला तिचा अजूनही राग येत नाही. तिला काम कळत होतं, आणि जिला काम कळतं ती मोजणारच.

"दहा दाहे शंभर," ती म्हणाली. "शंभरच भरत्यात की, इहीणबाई. तुमी तर एकशे एक म्हणाला हुता."

सासूबाई म्हणाल्या, मोजायला चुकला असाल. तिनं परत मोजलं. आता बाकीच्या बायकाही जवळ आल्या, आणि मोठ्यानं मोजायला लागल्या. शंभर.

सासूबाईंना माहीत होतं एकशे एकावा कुठं आहे ते. त्यांनी सांगितलं नाही. कोपरा उलटला असता तर लेकीचा हात दिसला असता. त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याचा अर्थ स्वच्छ होता की तू तोंड उघडू नकोस. मी उघडणारही नव्हते. रुखवत मांडून झालं होतं, उद्या सकाळची मोटार होती. मला दुसरं काही नको होतं.

तेव्हा नणंद पाटावरून बोलली. नवरीनं बोलू नये, पण बोलली.

"जोडायला वैनीकडं दिलता. तिला कुठं मोजता येतंय? एक हरवला असंल तिनं."

बायका माझ्याकडं वळल्या. कुणीतरी विचारलं, कोण वैनी? कुणीतरी सांगितलं, ती मुकी. हसल्या.

मला चोर म्हणाली असती तरी मी सोसलं असतं असं वाटतं. वेंधळी म्हणाली असती तरी चाललं असतं. पण मला मोजता येत नाही हे ती म्हणाली, जिला पन्नासच्या पुढं जाता येत नव्हतं. मी खांबाआडून बाहेर आले. बाजेपाशी गेले, वाकले, आणि तो कोपरा उलटला.

"ह्यो एकशे एकावा," मी म्हटलं.

हे मी मुद्दाम केलं. पुढं मालकांना मी सांगितलं की माझ्या तोंडून निघून गेलं, पण तसं नव्हतं. कोपरा उलटला की काय दिसणार ते मला माहीत होतं, तरी उलटला.

चुलतीनं त्या सैल चौकोनावर अंगठा ठेवला. तो अंगठ्याखाली दबला. मग शेजारच्या चौकोनावर ठेवला. तो दबला नाही. तिनं मला विचारलं, "ह्यो कुणाच्या हातचा?"

"वन्संच्या."

"आन् बाकीचं?"

मी गप्प राहिले. तेवढं पुरलं.

वाजंत्री वाजत होती. चुलतीनं कोपरा परत नीट पालथा केला, वरून सारखा केला, आणि पाटावरच्या नवरीकडं बघून म्हणाली, "असू दे गं पोरी. एक तुझ्या हातचा हाय, त्यात काय वाईट? सांगलीला आलीस की ऱ्हायलेलं शंभर मी शिकवीन." सांगलीकडच्या बायका पदराआड हसल्या. नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलाकडच्यांनी रुसावं असं काही झालं नव्हतं. लग्न लागलं, जेवणं उठली, वरात गेली. पण जाताना नणंद सगळ्यांच्या गळ्यात पडली आणि माझ्यापाशी आल्यावर तोंड फिरवून पुढं गेली.

मांडव रिकामा झाला तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या, "सातारला जायचं हुतं न्हवं? जा. आन् बोलावणं धाडल्याबिगार हितं पाय ठेवू नगंस."

मला जे पाहिजे होतं तेच त्यांनी दिलं, पण असं दिलं. मी रात्रीच गाठोडं बांधलं. सकाळी दीर मोटारीपर्यंत सोडायला आले. लढाईत पेट्रोल नव्हतं, मोटार कोळशावर चालायची, मागं भट्टी लावलेली. चढ आला की माणसं उतरून चालायची. इस्लामपूर, मग कराड, मग सातारा. सगळा दिवस गेला. वाटेत मी मनाशी ठरवत होते आईला कसं सांगायचं ते. ती हसेल असं मला वाटत होतं. सासूनं सात-सातच्या ओळी उंबऱ्यापर्यंत नेल्या ते ऐकून नक्कीच हसेल.

आई खाटेवर होती. तोंड एवढंसं झालं होतं आणि पाय सुजून चकचकीत. मला बघितल्याबरोबर तिनं पहिलं काय विचारलं तर, "लगीन झालं व्हय गं? आन् मांडवपरतणी?"

मांडवपरतणी म्हणजे नवी नवरी पहिल्यांदा माहेरी परत येते ते. ती व्हायची होती. घरची सून त्या दिवशी घरात पाहिजे. मी गाठोडं सोडत बसले, तेव्हा आईनं ओळखलं. मग मी सगळं सांगितलं. सुपारीपासून कोपरा उलटला तिथपर्यंत.

ती हसली नाही. भिंतीकडं बघत ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "शंभरच हायत म्हणाली असतीस, तर काय बिघडलं असतं?"

"मला मोजता येत न्हाई म्हणाली ती."

"म्हणू द्यायचं हुतं."

"आन् मी केलेलं तिचं म्हणून दाखवायचं?"

"व्हय," आई म्हणाली. "तेच करायला धाडलं हुतं तुला. तुझा नवरा लामावर. त्यो येतोय का न्हाई ते कुणाला ठावं? न्हाई आला तर तुला त्याच घरात दिस काढायचंत. आन् तू इहिणीसमोर चौकोन उलटून दाखवतीस."

मी तिच्यावर चिडले. आजारी आईवर. मी म्हटलं, तुझ्यासाठी बोटं फोडून घेतली, तुझे गुंडे त्यांनी घेतले, आणि तू त्यांचीच बाजू घेतेस. ती म्हणाली, मी बोलवलं नव्हतं, तुझ्या बापानं लिहिलं. हे खरं होतं की रागानं म्हणाली, ते मला आजवर कळलेलं नाही.

चार दिवस मिळावेत म्हणून मी हिवाळाभर सुई चालवली. मिळाले एकोणीस. त्यातले निम्मे आम्ही एकमेकींशी न बोलता काढले. मी पेज करून द्यायची, पाय शेकायची, कूस बदलायची. ती माझ्या हातून सगळं करून घ्यायची आणि रोज एकदाच बोलायची. बोलावणं आलं का? मी म्हणायची, नाही. मग ती डोळे मिटायची. आबा दोघींच्या मध्ये कधी पडले नाहीत. ते ओट्यावर बसून असायचे.

सतराव्या दिवशी तिला श्वास लागायला लागला. वैद्य येऊन गेले आणि आबांना बाहेर बोलावून काहीतरी सांगून गेले. दुपारी तिनं परत विचारलं, "बोलावणं आलं का गं?"

मी म्हटलं, आलं. आजच कार्ड आलं.

खोटं होतं. आष्ट्याहून काही आलं नव्हतं, पुढं मालक परत येईपर्यंत आलंही नाही. मला वाटलं, आलं म्हटलं की तिचा जीव थंड होईल, माझ्या डोक्यावरून हात फिरवेल, आणि उरलेले दिवस आम्ही नीट बोलू.

तिनं डोळे उघडले. "मग हितं काय करतीस?" म्हणाली. "ऊठ. आजची मोटार सापडंल. जा."

मी म्हटलं, तुला बरं वाटल्यावर जाते. त्यावर तिनं उठून बसायचा प्रयत्न केला आणि तिला धाप लागली. आबा धावत आले. जाते, जाते, असं म्हणत मी खाटेपासून मागं सरले. लांबूनच तिच्या पाया पडले. तिनं हात वर केला, तो मला लागला नाही, मी लांब होते. मी गाठोडं उचललं, ती बघत असताना दारातून बाहेर पडले, आणि घराला वळसा घालून मागच्या दारानं स्वयंपाकघरात येऊन बसले.

आबांना मी खुणेनं सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यानंतर दोन दिवस पेज मी करायची आणि आबा नेऊन पाजायचे. तिला झोप लागली की मी दाराशी येऊन बघायची. जागी असली की चुलीपुढं. खोकायचंसुद्धा नाही, भांडं आपटायचं नाही. मधली भिंत कुडाची होती, पलीकडचं सगळं ऐकू यायचं.

शेवटच्या सकाळी शेजारची म्हातारी तिला बघायला आली. तिनं विचारलं, लेक कुठं गेली? आईला बोलायला त्रास होत होता, तरी सावकाश सगळं बोलली. "गेली तिच्या घरी. सासूचं बोलावणं आलं. कार्ड आल्याबरोबर गेली बघा, येक दिस ऱ्हायली न्हाई. वळणाची हाय."

तिच्या आवाजात अभिमान होता. माझ्याविषयी असं अभिमानानं बोलताना मी तिला त्याआधी ऐकलं नव्हतं. मी चुलीपुढं पेज ढवळत होते. मला त्या वेळी तिचा इतका राग आला की मी आत गेले नाही. दुपारी आबांनी हाक मारली, तेव्हा गेले.